भूतबंगल्यातले सात जण

मोसंबीच्या दिवसांत आमच्या घरात मोसंब्या कुठून येतात ते कळत नाही. कोणाच्या बैलाला इंजेक्शन दिलं, त्यानं जाताना एक पिशवी ठेवली. कोणी नुसतंच भेटायला आलं, त्यानंही एक ठेवली. आठ दिवसांनी बघावं तर पलंगाखालीसुद्धा मोसंब्या. माझ्याकडे लॉजचे किस्से असेच साठलेत. मी मुद्दाम एकही गोळा केलेला नाही.

लॉज म्हणजे राहायचं लॉज नव्हे. फ्रीमेसन लोकांचं. बदनापूरपासून आठ-दहा किलोमीटरवर, आमच्या गावाबाहेर, लिंबाच्या झाडांमागे एक दगडी बंगला आहे. जालन्याला छावणी होती त्या काळात गोऱ्या अधिकाऱ्यांनी तो बांधला. बंद दाराआड जमायचं, एकमेकांना भाऊ म्हणायचं, आतलं बाहेर सांगायचं नाही, असा त्यांचा रिवाज. गावानं तेव्हाच ठरवून टाकलं की हे लोक आत भुतं उठवतात. बंगल्याचं नाव पडलं भूतबंगला. गोरे गेले, नाव राहिलं.

आता तिथं आम्ही सात जण दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी दुपारी तीन वाजता जमतो. भूत एकही नाही. सातांपैकी पाच जणांना गुडघेदुखी आहे. आतलं जे सांगायचं नाही ते मी सांगणार नाही, पण त्याच्या आजूबाजूचंच इतकं आहे की तेवढ्यावर संध्याकाळ सहज निघते.

•

मी तिथं गेलो तो एका म्हशीमुळे. मी जनावरांचा डॉक्टर. सरकारी दवाखान्यात लागून जेमतेम वर्ष झालं होतं. एका दुपारी एक माणूस धापा टाकत आला.

"डॉक्टरसाहेब, म्हैस भूतबंगल्यात घुसली. चार तास झाले, भाईर येऊन न्हाई राह्यली."

"मग हाकला की."

"आत कोण जाईल?"

त्याच्या चेहऱ्याकडे बघून मी बॅग उचलली. बंगल्यासमोर वीसेक माणसं उभी होती, सगळी गेटाच्या बाहेर. साफसफाईसाठी दार उघडं ठेवलेलं, कुत्रं मागे लागलं म्हणून म्हैस सुसाट आत शिरलेली. मी आत गेलो. मोठा दिवाणखाना, आणि जमिनीवर काळ्या-पांढऱ्या चौकोनांची फरशी, बुद्धिबळाच्या पटासारखी. बरोबर मधोमध म्हैस उभी. पाय थरथरतायत, मान खाली, डोळे फरशीवर.

मला लगेच कळलं. जनावराला काळा चौकोन खड्ड्यासारखा दिसतो. पळताना तिनं खाली पाहिलं नव्हतं. थांबल्यावर पाहिलं, आणि बिचारीला वाटलं आपण खड्ड्यांच्या मधोमध अडकलो. मी बाहेर येऊन रिकामी पोती मागवली. दहा-बारा पोती तिच्या पायापासून दारापर्यंत अंथरली, वेसणीला हात लावला, आणि ती शांतपणे चालत बाहेर आली.

दारात एक उंच गृहस्थ उभे होते. पन्नाशीचे, पांढरा शर्ट, हातात काठी. हे बापूसाहेब. गावातलं जुनं जमीनदार घराणं, चाळीस एकरांत मोसंबीची बाग, आणि त्या वर्षी लॉजचे मास्टर म्हणजे प्रमुख. ते सगळं पाहत होते.

"पहिल्यांदा या फरशीवर आल्तो तव्हा माझीबी अशीच गत झाल्ती," ते म्हणाले. "मला मात्र कोणी पोती अंथरली न्हाई."

मग त्यांनी विचारलं, "डॉक्टर, दुसऱ्या रविवारी दुपारी काय करता?"

•

गेटावर एक पत्र्याची पाटी आहे. तिच्यावर कधीकाळी पूर्ण नाव होतं. उन्हानं एक-एक अक्षर उडालं आणि शेवटचा शब्द तेवढा शिल्लक राहिला. लॉज.

एका रविवारी आमची सभा संपून आम्ही ओट्यावर चहा पीत होतो. गेटाशी एक जीप थांबली, बॉनेटातून वाफ निघत होती. वैजापूरकडचं कुटुंब, नवरा-बायको आणि म्हातारी आई. जांब समर्थला दर्शनाला निघालेले. गाडी तापली, पुढं जायची सोय नव्हती.

नवरा आत आला. "रूम मिळंल का? तिघं हावोत."

मी त्याला समजावायला तोंड उघडलं, तेवढ्यात बापूसाहेब म्हणाले, "मिळंल."

जेवणघरातलं लांब टेबल भिंतीला सरकवलं, बापूंच्या घरून तीन गाद्या आल्या. सभेआधी आमचं जेवण तिथंच झालं होतं, भरीत-भाकरी उरली होती, ती त्यांना वाढली. म्हातारी भिंतीवरच्या तसबिरी बघत बसली होती. सगळे दाढीवाले गोरे, छातीवर पदकं.

"हे मालक का?" तिनं विचारलं.

"होते," बापू म्हणाले. "आता आम्ही सांभाळून राह्यलो."

सकाळी गाडी दुरुस्त झाली, मंडळी गेली. पुढच्या वर्षी त्याच सुमाराला गेटाशी एक टेम्पो थांबला. चौदा माणसं उतरली. पुढची बाई म्हणाली, "आत्यानं सांगितलंय, जांबला जाताना हितंच उतरा. सोय एक नंबर हाय."

त्या महिन्याच्या सभेत पाटी बदलायचा ठराव आला. गणिताचे काशिनाथ सर आमचे सेक्रेटरी, प्रत्येक गोष्ट नियमात बसवणारे. त्यांनी नवी पाटी कशी असावी याचा मजकूरसुद्धा लिहून आणला होता. बापूंनी तो शांतपणे वाचून घेतला.

"पाटी ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले. "गाद्या वाढवा."

•

लॉजचं एक जुनं हजेरीपुस्तक आहे. चामडी बांधणीचं, दोन हातांनी उचलावं लागतं. त्याच्या एकेका पानावर चार लिप्या आहेत. कॅप्टनसाहेबांची इंग्रजी सही, खाली कोणा पाटलाची मोडीतली, त्याखाली निजामाच्या तहसीलदाराची उर्दूत, आणि शेवटी एका शिक्षकाचं वळणदार देवनागरी नाव. बाहेर ही माणसं एका ओट्यावर बसली असतील की नाही कोणास ठाऊक. या पानावर बसली होती.

तहसीलदाराच्या नावासमोर एक विचित्र आकृती होती. कमानीसारखी वळलेली रेघ, तिला फाटे, वर ठिपके. काशिनाथ सरांनी वीस वर्षं तिचा अभ्यास केला होता. नवा माणूस आला की सर त्याला पुस्तकासमोर बसवायचे आणि सांगायचे की ही खूण पूर्वेकडच्या ज्ञानाची आहे, कमान म्हणजे आकाश, ठिपके म्हणजे तारे. मीही ते व्याख्यान ऐकलं होतं, वहीत उतरवून घेतलं होतं.

माझ्यानंतर तीन वर्षांनी जमीलभाई आले. जुन्या जालन्यात त्यांचं फर्निचरचं दुकान. दरवाजे, कपाटं, हातकाम फार सुबक. सरांनी त्यांनाही बसवलं. कमान, आकाश, तारे. जमीलभाईंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि पानावर वाकले.

"सर, ही उर्दू आहे. शिकस्ता, म्हंजे घाईचं लिखाण. माझे दादा, म्हंजे आजोबा, कोर्टाभाईर अर्ज लिहून द्यायचे, त्यांनी मला शिकवलं."

"काय लिहिलंय?" सरांचा आवाज बारीक झाला होता.

जमीलभाईंनी बोट फिरवत वाचलं. "तहसीलदारसाब छत्री विसरून गेले. पुढच्या वेळी द्यावी."

मग आमच्यातले रिटायर्ड स्टेशनमास्तर, ज्यांना सामानाच्या गोष्टीत फार रस, म्हणाले, "मग दिली का?"

जमीलभाईंनी पान उलटलं. पुढच्या महिन्यात हजेरी लिहिणाऱ्याच्या त्याच हाताचं, "आज आले नाहीत." त्याच्या पुढच्या महिन्यात, "आज पाऊस होता, तरी आले नाहीत." आणखी दोन पानं गेली. मग शेवटची नोंद.

"छत्री सध्या मीच वापरतो आहे."

मला वाटलं सर ते व्याख्यान आता बंद करतील. त्यांनी केलं नाही. आता ते नव्या माणसाला सांगतात, ही खूण आपल्याला शिकवते की दुसऱ्याची वस्तू जपून वापरावी.

•

लॉजमध्ये प्रत्येकाला बरंच काही तोंडपाठ म्हणावं लागतं, तेही जुन्या इंग्रजीत. सर त्यात एक शब्द इकडचा तिकडे चालू देत नाहीत. मला पहिल्यांदा मोठा भाग मिळाला. जनावरांच्या रोगांची नावं सोडली तर मी इंग्रजी कधी मोठ्यानं बोललेलो नाही. त्यातून अडचण अशी की हे घरात कोणासमोर म्हणायचं नाही.

माझ्या बायकोनं, सुनंदानं, सुरुवातीला एकदाच विचारलं होतं, "आत नेमकं काय करता?"

"सांगता येत नाही."

"बरं," ती म्हणाली, आणि परत कधी विचारलं नाही. ती अंगणवाडीची पर्यवेक्षिका आहे. गप्प राहून माहिती काढायची तिला सवय आहे.

मी न्हाणीघरात पाठ करायचो. नळ पूर्ण सोडायचा, बादली भरत ठेवायची आणि म्हणत सुटायचं. दोन महिने चाललं. एका रविवारी सकाळी पाचव्या ओळीला अडकलो. परत पहिल्यापासून म्हटलं, परत तिथंच अडकलो. तिसऱ्यांदा अडकलो तेव्हा दाराबाहेरून सुनंदाचा आवाज आला. एकच शब्द. बरोबर शब्द.

मी नळ बंद केला. "तू ऐकलंस?"

"मी काय ऐकणार? नळ चालू होता."

तो भाग मी बिनचूक म्हटला. पुढे डिसेंबरात आमचं कुटुंबांसह जेवण होतं, त्यात सर सुनंदाजवळ येऊन म्हणाले, "वहिनी, डॉक्टरांचं पाठांतर फार सुधारलं हो."

"हो," ती पोळी वाढता वाढता म्हणाली, "पण शेवटच्या तीन ओळींना घाई करतात."

नियम मोडला होता, आणि तो सरांसमोर उघडा पडला होता. सरांनी माझ्याकडे बघितलं. मग तिच्याकडे.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "करतात."

•

दुष्काळाचं वर्ष होतं. गावात चौथ्या दिवशी टँकर यायचा, आणि तो आला की भांडणं व्हायची. बंगल्याच्या मागे गोऱ्यांनी खोदलेली विहीर आहे, खूप खोल. तिला पाणी होतं. आम्ही ठराव केला, गेट सताड उघडलं, विहिरीवर रहाट बसवला, देवळाच्या भोंग्यावरून सांगितलं की ज्याला पाहिजे त्यानं पाणी न्यावं.

तीन दिवस एक माणूस आला नाही. भूतबंगल्याचं पाणी कोण पिणार?

बापू रोज सकाळी विहिरीवर जाऊन बसायचे. त्यांना कधी नव्हे ते खूप वाईट वाटलं होतं. "पिढ्यान् पिढ्या या लोकांशी उठणंबसणं हाय डॉक्टर," ते मला म्हणाले, "आन् तरी माझ्या हातचं पाणी घेऊन न्हाई राह्यले."

चौथ्या दिवशी गेटाशी बायकांचा घोळका आला आणि तिथंच थांबला. त्यातून शेवंताबाई पुढं आल्या. पन्नाशीच्या, शेतमजुरी करणाऱ्या, घरात पाच नातवंडं. त्या सरळ विहिरीवर गेल्या, पाणी शेंदलं, तांब्या तोंडाला लावला आणि कठड्यावर बसल्या. बाकीच्या बायका लांबून बघत होत्या. पाच मिनिटं गेली, दहा गेली.

"ओ शेवंताबाई," कोणीतरी ओरडलं, "काई होऊन राह्यलं का?"

"व्हय."

"काय?"

"तहान गेली."

त्यानंतर त्या गेटातून सकाळ-संध्याकाळ रांग लागली. आमची सभा असली तरी रांग चालूच. त्याच महिन्यात बापूंनी सभा सुरू करायला लाकडी हातोडी तीनदा टेबलावर ठोकली. बाहेरून तीन हंडे वाजले. बापू थांबले. त्यांना वाटलं योगायोग. परत तीन ठोके दिले. बाहेरून परत तीन, या वेळी जरा जोरात, आणि मागोमाग हसण्याचा आवाज.

सर हे सगळं इतिवृत्तात लिहीत होते. मी डोकावून पाहिलं. त्यांनी लिहिलं होतं, "भगिनींनी बाहेरून प्रतिसाद दिला."

•

शेवंताबाई पुढे आमच्याकडेच बंगल्याची देखभाल करायला लागल्या. आम्ही सभेला कमरेला पांढरे एप्रन बांधतो. बाईंना ते मळकट वाटले. एका शनिवारी त्यांनी सगळे धुतले आणि चांगल्या मनानं भरपूर नीळ घातली.

रविवारी मुंबईहून मोठे पदाधिकारी तपासणीला आले होते. आमच्यात गडद निळा रंग फक्त फार वरच्या लोकांना असतो, त्यांच्या स्वतःच्या एप्रनलाही नुसती किनारच होती. ते आत आले आणि दारातच थबकले. आम्ही सातही जण आपादमस्तक नाही, पण कमरेपासून गुडघ्यापर्यंत निळेशार.

त्यांनी चष्म्यावरून एकेकाकडे बघितलं आणि हळूच विचारलं, "सगळ्यांना एकदमच बढती मिळाली का?"

•

सभा चालू असताना दाराबाहेर एक भाऊ तलवार घेऊन उभा राहतो. परका माणूस आत येऊ नये म्हणून. ते काम जमीलभाईंकडे. तलवारीची मूठ सैल झाली होती, म्हणून त्यांनी ती जुन्या जालन्यात आपल्या दुकानात नेऊन दुरुस्त केली. परत आणायच्या दिवशी मी त्यांच्या मोटारसायकलवर मागे बसलो होतो. चादरीत गुंडाळलेली तलवार माझ्या मांडीवर आणि हँडलला मोसंब्यांची पिशवी.

निवडणुकीचे दिवस होते, हे आम्ही दोघंही विसरलो होतो. रस्त्यावर नाकाबंदी. फौजदार मॅडमनी हात केला. हवालदारानं चादर उलगडली आणि दोन पावलं मागे सरकला.

मी सरकारी नोकर. आचारसंहिता. उद्याच्या पेपरात नाव येणार, परवा निलंबन. जमीलभाईंचा चेहरा उतरला होता. तलवार घेऊन पकडलेल्या माणसाचं नाव जमील असलं की पुढे काय होऊ शकतं ते त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं.

"कशासाठी ही?" मॅडमनी विचारलं.

"मॅडम, मी ती घेऊन दारावर उभा राहतो," जमीलभाई म्हणाले.

"कुठल्या दारावर?"

त्यांनी सगळं खरं सांगितलं. बंगला, सभा, दुसरा रविवार, दुपारी तीन. मॅडम ऐकत होत्या. मग त्यांनी पिशवीतली एक मोसंबी काढली, जीपच्या बॉनेटवर ठेवली आणि तलवार स्वतः हातात घेऊन खाली आणली. मोसंबी घसरली, रस्त्यावर पडली आणि घरंगळत गेली. हवालदारानं धावत जाऊन आणली. परत ठेवली. या वेळी मॅडमनी दोन्ही हात लावले. मोसंबीवर एक खळगा पडला.

"हिला धारच नाही."

"कधीच नव्हती, मॅडम."

"किती वर्षं उभे राहता?"

"बारा."

"आणि खरंच कोणी आलं तर काय करता?"

जमीलभाईंनी जरा विचार केला. "समजावून सांगतो."

मॅडमनी बॉनेटवरची मोसंबी उचलली, अंगठ्यानं सोलली, अर्धी हवालदाराला दिली. मग बापूंना फोन करून खात्री करून घेतली आणि वहीत काहीतरी लिहिलं. "निवडणूक होईपर्यंत ही बाहेर काढू नका," त्या म्हणाल्या. "तोपर्यंत नुसतं समजावून सांगा."

•

आता बापू आणि सर यांचं सांगतो. हे मी सहसा कोणाला सांगत नाही, पण विक्रमनं स्वतःच परवानगी दिली आहे.

विक्रम म्हणजे बापूंचा एकुलता मुलगा. दहावीला तो गणितात दोन मार्कांनी नापास झाला. पूर्वपरीक्षा होती, बोर्डाची नव्हे, पण शाळेचा नियम होता की त्यात नापास झालेल्याला त्या वर्षी बोर्डाला बसवायचं नाही. पेपर तपासला होता काशिनाथ सरांनी. बापू स्वतः सरांच्या घरी गेले. आयुष्यात पहिल्यांदा कोणाकडे काही मागायला गेले असतील.

"सर, दोन मार्कांचा तर सवाल हाय. ग्रेस द्या."

"बापू, जे त्यानं लिहिलंच नाही त्याचे मार्क मी कसे देऊ?"

पोराचं वर्ष गेलं. बापू त्या दिवसापासून सरांशी बोलले नाहीत. अकरा वर्षं. आता आमच्यात असा नियम आहे की ज्या दोन भावांचं भांडण असेल त्यांनी ते मिटवल्याशिवाय सभेला बसू नये. स्टेशनमास्तरांनी धीर करून एकदा दोघांना तो वाचून दाखवला.

बापू म्हणाले, "आमचं भांडण न्हाई."

सर म्हणाले, "बिलकुल नाही. आम्ही फक्त बोलत नाही."

गंमत अशी की सभेत ठरलेली प्रश्नोत्तरं असतात, आणि पदांच्या क्रमानं ती नेमकी या दोघांत यायची. दर महिन्याला बापू गंभीर आवाजात सरांना ठरलेला प्रश्न विचारायचे, सर ठरलेलं उत्तर द्यायचे. अकरा वर्षं या दोघांचं तेवढंच संभाषण.

चार वर्षांपूर्वी स्टेशनमास्तरांनी सांगितलं की ते आता मुलीकडे पुण्याला जाणार. आम्ही सात होतो. मी, बापू, सर, जमीलभाई, स्टेशनमास्तर आणि जुन्या जालन्यातले दोन कापडवाले भाऊ. सातच्या खाली गेलो की नवा माणूस घेता येत नाही, आणि मग लॉज बंद, सनद परत. बंगल्याला कुलूप. त्यामुळे ते जायच्या आत कोणीतरी नवा यायलाच हवा होता. एकच अर्ज आला. विक्रमचा. तो तेव्हा सत्तावीस वर्षांचा, बाग तोच बघायचा, शेवंताबाईंच्या नातवंडांना संध्याकाळी शिकवायचा.

अर्जावर गुप्त मतदान होतं. प्रत्येकाच्या हातात एक पांढरा आणि एक काळा गोळा देतात. पेटीत हात घालून एक सोडायचा, दुसरा मुठीत ठेवायचा. काळा एक जरी निघाला तरी अर्ज फेटाळला जातो.

त्या रविवारी आम्ही सगळे सरांकडे बघायचं टाळत होतो. एकदा त्यांनी या मुलाला नापास केलं होतं, आणि त्यानंतर अकरा वर्षांचा अबोला त्यांनीच सोसला होता. पेटी फिरली. जमीलभाईंनाही दारावरून आत बोलावून त्यांचं मत घेतलं. मग बापूंनी, म्हणजे त्या वर्षी परत मास्टर तेच होते, पेटीचा कप्पा ओढला.

सहा पांढरे. एक काळा.

आम्ही कोणी मान वर केली नाही, पण सगळ्यांना माहीत होतं की सगळ्यांच्या मनात कोण आहे. सर उठले. अडुसष्ट वर्षांचा माणूस, नियमाला जिवापाड जपणारा. त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा नियम मोडला. हात पुढे केला आणि मूठ उघडली. तळहातावर काळा गोळा होता. पांढरा त्यांनी पेटीत टाकला होता.

मग एकेकानं मूठ उघडली. स्टेशनमास्तर, काळा. दोन्ही कापडवाले, काळा, काळा. जमीलभाई, काळा. मी, काळा. राहिले बापू. ते खुर्चीत ताठ बसले होते, उजवी मूठ गुडघ्यावर. त्यांनी ती उघडली. पांढरा.

"बापू," जमीलभाईंच्या तोंडून निघालं, "आपला पोरगा, आन् आपणच?"

बापूंनी त्यांच्याकडे बघितलं नाही. त्यांनी सरांकडे बघितलं.

"सर," ते म्हणाले, "या वेळेस पेपर मी तपासला. माझा पोरगा म्हून मार्क कसे देऊ?"

सर उभेच होते. तळहात अजून पुढेच होता.

"किती कमी पडले?" सरांनी विचारलं.

"दोन."

सरांनी चष्मा काढला. एप्रनच्या टोकानं पुसला. परत लावायला त्यांना जरा वेळ लागला.

"मग ग्रेस द्या, बापू," ते म्हणाले.

पेटी परत फिरली. सात पांढरे.